कोरी डिस्क घेताना

कोल्हापुरात १९८५ ते २००५ च्या दरम्यान ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या अनेकांच्या कपाटात एक काळी, जाडजूड कॅसेट अजून जपून ठेवलेली असते. पाठीवर नवरा-नवरीचं नाव, मंगल कार्यालयाचं नाव आणि तारीख. आत हळद, अक्षता, पंगत, वरात आणि त्यावर त्या वर्षी गाजलेल्या गाण्यांचं ‘मिक्सिंग’. शेजारी मुलाच्या बारशाची कॅसेट. कुणाकडं जोतिबाच्या चैत्र यात्रेची, कुणाकडं तालमीच्या गणपतीच्या मिरवणुकीची, तर कुणाकडं शाहू स्टेडियमवर रंगलेल्या फुटबॉलच्या सामन्याची. त्यांत दिसणारी कितीतरी माणसं आज हयात नसतात. आजोबांची चाल, आजीचा आवाज, पाडून टाकलेला जुना वाडा हे सगळं त्या फितीवरच काय ते उरलेलं असतं.

ही कॅसेट आता बघायची कशावर? व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची मोठी कंपनी म्हणजे जपानची फुनाई. तिनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. चालू स्थितीतला व्हीसीआर शोधायचा, त्याचं हेड साफ करून घ्यायचं आणि कॅसेट डीव्हीडीवर उतरवून घ्यायची, हा मार्ग बऱ्याच घरांनी धरला. काहींनी तो दहा-पंधरा वर्षांपूर्वीच धरला होता. त्यांची अडचण आणखी वेगळी आहे. स्टुडिओनं तेव्हा दिलेली व्हीसीडी किंवा डीव्हीडी आता ‘अडकते’. वरात निघेपर्यंत चित्र स्वच्छ असतं, मग पडद्यावर चौकोन चौकोन येतात आणि प्लेअर नुसता गरगरत राहतो.

म्हणून कोरी डिस्क कोणती घ्यावी, हा प्रश्न पेनड्राइव्हच्या आणि मोबाइलच्या जमान्यातही सुटलेला नाही. घरातल्या चित्रीकरणाची दुसरी प्रत नसते. सिनेमाची डीव्हीडी खराब झाली तर दुसरी मिळते, लग्नाची मिळत नाही.

प्रतीचं महत्त्व कोल्हापूरला कुणी वेगळं सांगायला नको. याच गावात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. १ जून १९२९ ला प्रभात फिल्म कंपनीही इथंच सुरू झाली, १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. पण भारतात तयार झालेल्या तेराशेच्या आसपास मूकपटांपैकी आज पाहता येण्यासारखे जेमतेम तीसेक उरले आहेत. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांच्या स्टुडिओची राख झाली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांसह जुन्या रिळांचा मोठा साठा गेला. तरीही ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘संत तुकाराम’ आज आपण पाहू शकतो, कारण त्यांच्या प्रती वेळेत करून दुसरीकडं ठेवलेल्या होत्या. संग्रहालयाच्या रिळांना जो नियम लागू पडला, तोच घरातल्या लग्नाच्या चित्रीकरणालाही लागू आहे.

डिस्क विकत घेताना गिऱ्हाईक साधारण एवढंच बोलतं : ‘‘भावा, चांगल्यातली दे.’’ आणि काउंटरपलीकडून उत्तर येतं : ‘‘सगळ्या चालत्यात की, दादा.’’ दुकानदार खोटं बोलत नसतो. त्या दिवशी सगळ्याच डिस्क चालतात. कोणती दहा वर्षांनी चालेल हे काउंटरवर कळत नाही, आणि खरी मेख तिथंच आहे. व्हीएचएस कॅसेट हळूहळू बिघडते. आधी मुंग्या येतात, मग आवाज खरखरतो, रंग विटतात. ती आपल्याला सावध करत जाते. डिस्क तशी सावध करत नाही. डिस्कवर लिहिलेल्या माहितीसोबत चूक दुरुस्त करणारी जादा माहितीही लिहिलेली असते. थोडाफार बिघाड झाला तरी प्लेअर त्या जादा माहितीवरून मूळ चित्र जसंच्या तसं उभं करतो. त्यामुळं आत बिघाड वाढत असला तरी पडद्यावर काहीच दिसत नाही. दुरुस्तीची मर्यादा ओलांडली की मात्र एकाएकी चित्र अडकतं, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

हा बिघाड होतो कुठं, हे समजायला डिस्कची रचना पाहावी लागते. सिनेमाची छापील डीव्हीडी आणि घरी राइट करायची कोरी डीव्हीडी दिसायला सारख्या असल्या तरी जातीनं वेगळ्या. छापील डिस्कमध्ये खड्डे साच्यातूनच उठवलेले असतात. कोऱ्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि त्याच्यामागं धातूचा आरसा. राइटरमधला लेझर त्या रंगाला ठिपक्या-ठिपक्यानं भाजतो. वाचताना कमी ताकदीचा लेझर भाजलेल्या आणि न भाजलेल्या जागांमधला फरक ओळखतो. डीव्हीडीवरची ही सर्पिल रेघ उलगडली तर सुमारे १२ किलोमीटर भरेल, आणि तिच्या दोन वेढ्यांमधलं अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, ०.७४ मायक्रोमीटर. जो रंग लेझरच्या उजेडानं बदलतो, तो उन्हानंही बदलणारच. खिडकीत, टीव्हीवर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेल्या डिस्क लवकर जातात त्या याच कारणानं.

दुसरी कमजोर जागा म्हणजे धातूचा थर. बहुतेक कोऱ्या डिस्कमध्ये तो चांदीचा किंवा चांदीच्या मिश्रधातूचा असतो. हुपरीचं पैंजण दमट हवेत उघडं राहिलं तर जसं काळं पडतं, तशीच ही चांदीही हवा आणि ओल लागली की काळवंडते. सोनं काळवंडत नाही, म्हणून संग्रहालयांसाठीच्या खास डिस्कमध्ये सोन्याचा थर देतात. कॅनडाच्या सरकारी जतनसंस्थेनं केलेल्या वर्गवारीत सोन्याचा थर आणि थॅलोसायनिन नावाचं रंगद्रव्य असलेल्या सीडीला चांगल्या साठवणीत १०० वर्षांहून अधिक आयुष्य दिलं आहे, सोन्याच्या थराच्या डीव्हीडी-आरला ५० ते १००. उलट एकाच बाजूला दोन थर असलेल्या, म्हणजे साडेआठ जीबीच्या ‘ड्युअल लेअर’ डीव्हीडीला फक्त ५ ते १० वर्षं. हे आकडे कमी-जास्त होऊ शकतात, पण क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. एकाच डिस्कमध्ये अख्खं लग्न बसतंय म्हणून ड्युअल लेअर घेणं महागात पडतं. त्यापेक्षा साध्या ४.७ जीबीच्या दोन डिस्क कधीही बऱ्या.

सीडी आणि डीव्हीडीत आणखी एक फरक आहे. सीडीची नाजूक बाजू खालची चकचकीत नव्हे, वरची, जिथं नाव लिहितात ती. धातूचा थर तिथं लाखेच्या पातळ मुलाम्याखालीच असतो. बॉलपेन दाबून नाव लिहिलं तर टोक थेट आरशावर ओरखडा पाडतं. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि रंग व धातू त्यांच्या मधोमध सुरक्षित राहतात. तिथं सगळी मदार चिकटवणाऱ्या गोंदावर आणि कडेवर. हलक्या मालाची डीव्हीडी बाहेरच्या कडेकडून बिघडत येते ती त्यामुळंच. लिखाण आतून बाहेर होत जात असल्यानं लग्नाच्या डिस्कवर कडेला नेमकी वरात आणि पाठवणी आलेली असते.

आता ब्रँडचं. इथं बहुतेकांचा समज चुकतो. डब्यावरचं नाव आणि डिस्क बनवणारा कारखाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावाजलेल्या कंपन्याही डिस्क दुसऱ्याकडून बनवून घेत, एकाच नावाच्या दोन डब्यांत दोन वेगळ्या कारखान्यांचा माल निघे. याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे मोझर बेअर. १९८३ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या या कंपनीनं नोएडा आणि ग्रेटर नोएडात कारखाने उभारले आणि कोऱ्या डिस्क बनवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांत जागा मिळवली. तिचा माल परदेशी ब्रँडच्या डब्यांतूनही जगभर विकला गेला. २००७ मध्ये याच कंपनीनं सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली. पायरेटेड सीडी विकणाऱ्यांना भावातच गाठण्याचा तो धाडसी डाव होता, आणि मराठी घरांमधले किती तरी सिनेमे त्या किमतीत आले. पुढं इंटरनेटवरून सिनेमे दिसू लागले, डिस्कची मागणी आटली, कंपनी कर्जात बुडाली आणि २०१८ मध्ये तिचं दिवाळं वाजलं.

हे इतिहासापुरतं नाही, खरेदीच्या कामाचं आहे. मोझर बेअरच्या नावाचा सीलबंद डबा आज कुणी दाखवला, तर आतला माल बहुधा २०१८ च्या आधीचा, म्हणजे कित्येक वर्षं गोदामात पडलेला समजायला हवा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं ऑक्टोबर २००३ मध्ये सीडी-डीव्हीडीच्या देखभालीवर एक मार्गदर्शिका काढली. न लिहिलेल्या कोऱ्या डिस्कचं आयुष्य ती ५ ते १० वर्षं धरते. कोरी डिस्क पडून राहिली तर रंग तसाच ताजा राहतो, असं नाही. नाव कितीही मोठं असो, जुना साठा घेऊ नये.

जपानच्या ताइयो युदेनबद्दलही तेच. कोऱ्या सीडीचा शोध या कंपनीनं १९८८ मध्ये लावला आणि पुढची पंचवीस वर्षं जाणकार तिचीच डिस्क मागून घेत. २०१५ मध्ये तिनं हा धंदा सोडला. ‘अझो’ रंगद्रव्यासाठी नावाजलेली व्हर्बाटिम मित्सुबिशी केमिकलकडं होती. २०१९ मध्ये ती तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सनं विकत घेतली. सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये राइट करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. आज बाजारात येणारा ताजा माल मुख्यतः तैवानच्या दोन-तीन घराण्यांचा असतो, डब्यावर नाव कुणाचंही असलं तरी.

मग ओळखायचं कसं? प्रत्येक कोऱ्या डिस्कवर कारखान्यातच एक सांकेतिक नाव कोरलेलं असतं. कॉम्प्युटरवर ‘इम्गबर्न’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम उघडून कोरी डिस्क ड्राइव्हमध्ये घातली, की उजव्या बाजूच्या चौकटीत ते दिसतं. ‘एमसीसी’नं सुरू होणारं नाव मित्सुबिशी केमिकलच्या तंत्राचं, ‘टीवायजी’ ताइयो युदेनचं, ‘एमबीआयपीजी’ मोझर बेअरचं, ‘सीएमसी मॅग’ आणि ‘रायटेक’ तैवानच्या कंपन्यांचं. हे नावही उसनं घेतलेले डुप्लिकेट पूर्वी सापडलेले आहेत, विशेषतः ताइयो युदेनच्या नावाचे. म्हणून सांकेतिक नाव हा पुरावा नव्हे, पहिली चाळणी.

दुसरी चाळणी डोळ्यांनी करायची. डिस्क कडा आणि मधलं भोक एवढ्यांवरच बोटं ठेवून उचलावी आणि ट्यूबलाइटखाली हळूहळू तिरकी करावी. चांगल्या डिस्कचा रंग मध्यापासून कडेपर्यंत एकसारखा असतो. कुठं फिकट, कुठं गडद, ढगाळ डाग किंवा रंगाची ओघळ दिसली तर ती बाजूला ठेवावी. मग कडेकडं पाहावं. डीव्हीडीच्या दोन चकत्यांच्या सांध्यात बारीक बुडबुडे किंवा गोंद बाहेर आलेला दिसतो का? शेवटी डिस्क दिव्यासमोर धरून आरपार पाहावं. धातूच्या थरात टाचणीच्या टोकाएवढी उजेडाची छिद्रं चमकली तर तो माल घरच्या आठवणींच्या लायकीचा नाही. गाणी भरायला चालेल. या सगळ्याला दोन मिनिटंही लागत नाहीत, पण दुकानात कुणी करताना दिसत नाही.

सुटी डिस्क घेऊ नये, हाही एक साधा नियम. पन्नासच्या उघड्या डब्यातून काढून कागदी पाकिटात घालून दिलेली डिस्क किती दिवस धुळीत आणि दमटीत होती, याचा पत्ता लागत नाही. आधी पाच-दहाचं सीलबंद पाकीट घ्यावं, त्यातली एक राइट करून तपासावी, आणि पसंत पडली तर त्याच बॅचचा माल आणखी आणावा. डीव्हीडी-आर की डीव्हीडी प्लस आर, यावर फार डोकं खपवायचं कारण नाही. जुन्या प्लेअरवर लावायची असेल तर पहिली घ्यावी. पुसून पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू मात्र जतनासाठी नकोच. जी पुसता येते ती कुणाच्या तरी हातून पुसली जाते, आणि तिची चकाकी कमी असल्यानं जुने प्लेअर तिला वाचतही नाहीत.

डिस्क चांगली मिळाली तरी राइट करताना दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे ठासून भरणं. तीन तासांची व्हीएचएस कॅसेट एकाच डीव्हीडीवर बसवली तर चित्राचा दर्जा पडतो. एका साध्या डीव्हीडीवर चांगल्या दर्जाचं तासभर, बऱ्या दर्जाचं दोन तास, त्यापलीकडं तडजोड. तीन तासांच्या लग्नाला दोन डिस्क घ्याव्यात आणि दोन्हींत कडेची थोडी जागा मोकळी सोडावी. (डब्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असलं तरी कॉम्प्युटरच्या हिशेबानं प्रत्यक्ष जागा ४.३८ जीबीच असते, हे जाता जाता.) दुसरी चूक वेगाची. घाई असली की १६एक्सवर राइट होतं, आणि कुणी तरी सांगितलेलं ऐकून अतिकाळजी केली की १एक्सवर. जितकं हळू तितकं चांगलं, हे सीडीच्या सुरुवातीच्या काळात खरं होतं. १६एक्ससाठी बनलेल्या डीव्हीडीचं रंगद्रव्य फार कमी वेगाला नीट भाजलं जाईलच असं नाही. तिच्यासाठी ८एक्सच्या आसपासचा मधला वेग सुरक्षित. डीव्हीडी रेकॉर्डरवर किंवा छोट्या डिस्कच्या कॅमेऱ्यावर चित्रण केलं असेल तर शेवटी ‘फायनलाइज’ करायला विसरू नये. ते राहिलं तर दुसरा प्लेअर ती डिस्क कोरीच समजतो. जुन्या कॅमेऱ्यांच्या छोट्या डिस्क ‘खराब झाल्या’ म्हणून टाकून दिल्या जातात, त्यांतल्या काही फक्त फायनलाइज करायच्या राहिलेल्या असतात. कॅमेरा अजून चालू असेल तर टाकण्याआधी एकदा तेवढं करून पाहावं.

राइट झाल्यावरची तपासणी बहुतेक जण पहिलं दृश्य पाहून संपवतात. हळद दिसली, गाणं वाजलं, की झालं. तपासायचं असतं शेवट. प्लेअरवर थेट शेवटच्या भागाकडं जावं. त्याहून पक्की पद्धत म्हणजे ज्या ड्राइव्हवर राइट केली त्याव्यतिरिक्त दुसऱ्या कॉम्प्युटरवर संपूर्ण डिस्क हार्ड डिस्कवर कॉपी करून पाहणं. मध्ये कुठं वेग एकदम पडला, ड्राइव्ह पुन्हा पुन्हा घरघरला, तर त्या जागी दुरुस्तीची मर्यादा जवळ आली आहे असं समजून नवी डिस्क राइट करावी. काही ड्राइव्हवर चुकांची नेमकी संख्या मोजणारे प्रोग्रॅमही चालतात. ज्यांना जमेल त्यांनी ते वापरावेत, पण साध्या कॉपीनंही बरंच कळतं.

नाव लिहायला पाण्याच्या शाईचा, मऊ टोकाचा मार्कर वापरावा, तोही शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. नवरा-नवरीचा फोटो छापलेला गोल कागदी स्टिकर दिसायला सुरेख दिसतो. पण त्याचा डिंक पुढं सुटतो, कागद ओल धरतो आणि वेगानं फिरताना डिस्कचा तोल जातो. एनआयएसटीची मार्गदर्शिकाही जतनाच्या डिस्कवर स्टिकर लावू नका, असंच सांगते. फोटो कव्हरवर लावावा. डिस्क पुसायची वेळ आली तर मऊ सुती कापडानं मध्यापासून कडेकडं सरळ रेषेत पुसावी, गोल गोल नाही. गोल चरा सर्पिल रेघेच्या बरोबरीनं धावतो आणि सलग मजकूर खाऊन टाकतो. आडव्या चऱ्यातून प्लेअर सावरून घेतो.

यापुढची गोष्ट कोल्हापूरची खास. एनआयएसटीच्या शिफारशीप्रमाणं डिस्क ४ ते २० अंश तापमानात आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवाव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, भिंतींना ओल येते, कपाटातल्या चामड्याच्या चपलांनाही बुरशी धरते. एसीची खोली प्रत्येकाकडं नसते, आणि तिची गरजही नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, प्रत्येक डिस्क स्वतंत्र कडक डबीत उभी, आणि डबा भिंतीला न टेकलेल्या कपाटात. पुड्यांमधले दाणे रंग बदलू लागले की बदलावेत. मऊ प्लास्टिकच्या पाउचांचे अल्बम टाळावेत, दमटीत ते पाउच डिस्कला चिकटतात. कॅसेटीच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट थेट व्हीसीआरमध्ये घालू नये. ती बुरशी मशीनच्या हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटीत जाते.

आणि पूर. २००५, २०१९, २०२१. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पंचावन्न फुटांच्या वर मजल मारली. शहराच्या सखल भागांत, प्रयाग चिखली-आंबेवाडीत, शिरोळ तालुक्यात तळमजले बुडाले. अशा वेळी माणूस जीव, जनावरं आणि कागदपत्रं वाचवतो. पलंगाखालच्या ट्रंकेतल्या कॅसेटी आणि सीड्या मागं राहतात, आणि त्यात कुणाचा दोष नसतो. म्हणून त्या आधीच वरच्या मजल्यावर हव्यात. पुराच्या पाण्यात डिस्क भिजलीच, तर गाळ वाळू देऊ नये. कागदी कव्हर काढून टाकावं, स्वच्छ पाण्यानं न घासता धुवावी, सावलीत कोरडी करावी आणि चालली की त्याच दिवशी तिची प्रत काढावी.

दुसरी प्रत दुसऱ्या गावात असावी, हे त्यामुळंच. लग्न होऊन पुण्या-मुंबईला गेलेल्या बहिणीकडं, नोकरीनिमित्त बाहेर असलेल्या मुलाकडं. सांगलीतल्या नातेवाइकांकडं ठेवताना मात्र घर कृष्णेपासून किती लांब आहे ते पाहावं. २०१९ आणि २०२१ मध्ये दोन्ही शहरं एकाच आठवड्यात पाण्याखाली होती. एक प्रत डिस्कवर आणि एक हार्ड डिस्कवर, ही जोडी सर्वांत चांगली. हार्ड डिस्क पडून बिघडते, पेनड्राइव्ह हरवतो किंवा पोराटोरांच्या हातून फॉरमॅट होतो, व्हायरस फाइली खातो. यातलं काहीच एकदा राइट केलेल्या डिस्कला होत नाही. डिस्कला ऊन, ओल आणि वय मारतं. दोघांचे शत्रू वेगळे असल्यानं दोघं एकदम मरण्याची शक्यता कमी. नव्या लॅपटॉपला डिस्कचा ड्राइव्ह नसतो, तेव्हा यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतोय तोवर घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

ब्लू-रेच्या २५ जीबीच्या डिस्क आणि दगडासारख्या टणक थराची, हजार वर्षांचा दावा करणारी एम-डिस्क यांचंही नाव ऐकू येतं. एम-डिस्कमध्ये सेंद्रिय रंगद्रव्य नसतं, त्यामुळं ती उजेडाला भीत नाही. पण ती महाग आहे आणि तिच्यावर लिहायला त्या जातीचा राइटर लागतो. एका घराच्या चार-सहा कॅसेटींसाठी ताज्या मालाची, तपासून घेतलेली साधी डीव्हीडी आणि तिची दुसरी प्रत एवढं पुरेसं आहे.

ज्यांच्या घरी २०१० च्या आधी राइट केलेल्या डिस्क आहेत, त्यांनी येत्या पावसाळ्याची वाट पाहू नये. एका रविवारी त्या सगळ्या काढाव्यात, एकेक कॉम्प्युटरवर शेवटपर्यंत कॉपी करून घ्यावी, जी अडकते तिच्यासाठी दुसरा ड्राइव्ह वापरून पाहावा, आणि मिळालेल्या फाइली त्याच दिवशी नव्या डिस्कवर आणि हार्ड डिस्कवर ठेवाव्यात. मूळ कॅसेट घरात असेल तर डिस्क झाली म्हणून ती भंगारात देऊ नये.